कालिगोनोच्या घरचा जावई

भाचीची बोलणी ठरली त्या दिवसापासून बवानालीमामांची जीभ टाळ्याला चिकटली होती. थोरला भाऊ होता तोवर ही कामं तो करायचा. चार माणसांत बसून, हसत, टोमणे परतवत तो लग्नं जुळवून आणायचा. तो गेला आणि बहिणीच्या धाकट्या लेकीचं लग्न या मुखदुर्बळ माणसाच्या गळ्यात पडलं. सरोवराकाठच्या याओ लोकांत मामाचा शब्द शेवटचा, त्यामुळे सुटकाही नव्हती.

सकाळीच भाची म्वानैशा त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली होती.

"मामा, शरीफूखेरीज मी कुणाच्या नावाला हो म्हणणार नाही. तुम्ही नुसते गप्प बसू नका."

"गप्प नाही बसणार," मामा म्हणाले, आणि गप्प बसले.

अडचण मुलाची नव्हती. शरीफू मंगोचीच्या बाजारात शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, सालस होता. अडचण आवाराची होती. रीतीप्रमाणे जावई बायकोच्या आईच्या आवारात येऊन राहायचा, आणि मामांच्या बहिणीच्या, आसियातूच्या आवारातून याआधी दोन जावई पळून गेले होते. दुसरा तर सायकलही विसरून गेला. आसियातू कधी आवाज चढवत नसे. चटईवर डोळे मिटून पडून राही. माणूस बेसावध झाला की एकच वाक्य बोले, आणि तो आठवडाभर जेवत नसे. हे स्थळही तिच्या मनात नव्हतं. डोंगराकडची माणसं, सरोवरावर ना होडी ना जाळं. पण बोलणी मोडल्याचा आळ तिला स्वतःवर नको होता.

दुपारी डोंगरावरच्या नामवेराहून मुलाचा मामा ट्वाइबू आला, सोबत त्याची बहीण हलीमा, म्हणजे मुलाची आई. ट्वाइबू आडदांड, तोंडाचा मोकळा. मक्याच्या आंबूस थोब्वाचा पेला एका घोटात रिकामा करून त्याने सुरुवात केली.

"आमच्या कोंबड्याला तुमच्या अंगणात एक कोंबडी दिसली म्हणे. खरं का?"

"अं... दिसली असेल," मामा म्हणाले.

"असेल काय, मामा? कोंबडी तुमची आहे ना?"

हलीमा तोंडावर हात धरून हसली. मामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ट्वाइबूने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक बरणी काढली. "रीत म्हणते कोंबडा आणा. पण बसमध्ये तो सगळ्यांच्या डोक्यावर बसला असता. तुम्हाला माशांचं वेड, असं आमचं पोर सांगतं. म्हणून खाली किनाऱ्यावर उतरून हा घेतला."

बरणीत बोटाएवढा निळाभोर मासा होता, अंगावर काळे पट्टे.

"हाच आमचा शरीफू समजा. टाका तुमच्या पाण्यात. परक्याचं पोर तुमच्याकडे कसं नांदतं, ते आम्हाला इथेच बसून बघू दे." तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. पळालेल्या जावयांची कथा डोंगरापर्यंत पोचली होती.

मामांनी टाकीकडे पाहिलं. भिंतभर लांबीची ती टाकी त्यांनी वर्षानुवर्षं जपली होती. आत सगळे शिकारीच, पण छोट्या चणीचे. पानांच्या गर्दीत डोकं खाली करून एक पातळ मासा सुरीसारखा उभा होता. दगडाआड लांब थोबाडाचा दुसरा. आणि मधोमध, दूध-तपकिरी ठिपक्यांचा कालिगोनो. काचेपाशी आलेली बरणी त्याने पाहिली. हळूच खाली गेला, वाळूवर एका कुशीवर पडला, आणि निश्चल झाला.

"अगं बाई," हलीमा म्हणाली, "हा मेला वाटतं."

"मेला नाही," आसियातू चटईवरून शांतपणे म्हणाली. "कालिगोनो म्हणजेच झोपाळू. गरीब असतो बिचारा."

"मग काय भ्यायचं," ट्वाइबू म्हणाला. "ओता, मामा."

मामांनी बहिणीकडे पाहिलं. ती टाकी तिने कितीदा तरी त्यांच्याबरोबर धुतली होती. झोपाळू कशासाठी झोपतो, हे तिला ठाऊक होतं. सडलेलं मढं समजून चिमुकले मासे टोचायला येतात, आणि मढं तोंड उघडतं.

"पाहुण्यांचा मान आहे, बवानाली," ती म्हणाली. "नाकारायचा नसतो."

नाकारावं तर अपमान. टाकावा तर पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा नवरदेव गिळला जाणार. मग कुणीच कुणाला काही बोलणार नाही. फक्त उठून जातील.

"पाणी... पाण्याची ऊब सारखी व्हायला हवी," मामा कसेबसे म्हणाले आणि उघडी बरणी टाकीत तरंगत ठेवली. तेवढाच वेळ मिळाला. निळा आत भिरभिरला, बरणी कलली, काठापर्यंत पाणी आलं. पानांतली सुरी किंचित वळली. कालिगोनो हलला नाही. त्याचा वरचा डोळा मात्र बरणीबरोबर फिरत होता.

"झाली असेल ऊब," ट्वाइबू म्हणाला. "का तुमच्याकडे जावयाला दारातच शिजवतात?"

बरणी पुन्हा कलली. मामांनी झडप घालून ती धरली, बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांच्या बाहीतून पाणी गळत होतं.

"नाही टाकणार," ते म्हणाले.

ट्वाइबूचं हसू उतरलं. "म्हणजे आमचा मुलगा नको?"

"मुलगा हवाय. पण हा कालिगोनो झोपलेला नाही, वाट बघतोय. हे सगळे इथे एकत्र राहतात ते मायेने नाही. कुणी कुणाच्या तोंडात मावत नाही, म्हणून राहतात. तुमचा निळा मावेल." मामा थांबले. बोलायचं ते अजून उरलं होतं आणि तेच अवघड होतं. "आमच्या आवाराचंही तसंच आहे."

"बवानाली," आसियातू म्हणाली. डोळे आता उघडे होते.

"ताई, ते दोघे आपणहून नाही पळाले. मीही बघत बसलो." ते पाहुण्यांकडे वळले. "मुलगी द्यायची, हा माझा शब्द. पण मुलगा आवारात घ्यायचा नाही. दोघांनी बाजाराजवळ खोली घेऊन राहावं."

"रीत मोडून?" ट्वाइबूने विचारलं. "आणि मुलं?"

"मुलं याच घराण्याची. ती कुठेही जन्मली तरी त्यांचा मामा बदलत नाही."

ट्वाइबूने बरणी उचलून डोळ्यांसमोर धरली. "स्वतःच्याच घराचं वाईट सांगणारा मामा मी पहिल्यांदा बघतोय. दादा, तुम्हाला बोलणी करता येत नाहीत."

"नाही येत," मामा म्हणाले.

"राहू दे," हलीमा म्हणाली. तिची नजर आसियातूवरून हटत नव्हती. "गोड बोलणाऱ्या घरी पोर दिलं असतं तर मी घरी जाऊन रडले असते. बाजाराजवळ खोली चालेल मला."

आता सगळं आसियातूवर होतं. मामाचा शब्द झाला होता, पण आईने पाहुण्यांना उपाशी वाटेला लावलं तर त्या शब्दाला चव राहणार नव्हती. ती चटईवर तशीच बसून राहिली, भावाकडे बघत, जणू हा माणूस तिने आजवर नीट पाहिलाच नव्हता. मामांनी नजर खाली वळवली नाही.

शेवटी ती उठली. "एन्सिमा गार होतेय. वाढायचं, की तेही आता तूच ठरवणार?"

"वाढ," मामा म्हणाले.

हलीमाही उठली आणि न बोलावता तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. आतून कितीतरी वेळ फक्त भांड्यांचे आवाज येत राहिले. मग हलीमा हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली, आणि आसियातू, नाइलाजाने का होईना, हसली.