बायजाची बाटली

शत्रुघ्नच्या डाव्या गालात वालाच्या दाण्याएवढा फुगवटा असे. सकाळच्या चहानंतर तो उगवे, जेवताना मावळे आणि उमेळ्याच्या वाडीत भेंडीला पाणी लावताना पुन्हा वर येई. बायजा तो लग्नापासून बघत आली होती. तंबाखू कधी सोडता, असं तिने विचारलं की तो म्हणे, दसऱ्यापासून. कुठल्या दसऱ्यापासून, ते मात्र कधी सांगत नसे.

थोरल्या दिराचा जबडा तंबाखूपायीच कापावा लागला, तेव्हा बायजाने विम्याचा हट्ट धरला. उद्या यांना काही झालं तर लेकीचं, खुशीचं नर्सिंगचं शिक्षण अर्धवट राहायला नको. एव्हरशाईन वसाहतीत राहणारा पुतण्या विकी विम्याचं काम बघे. तंबाखू खाणाऱ्याला हप्ता जवळजवळ दुप्पट पडतो आणि लघवीत सगळं उमटतं, असं त्याने सांगितलं. शत्रुघ्न म्हणाला, लिही, आपण सुपारीसुद्धा खात नाही.

तपासणीवाला घरी आला, तेव्हा शत्रुघ्नने रिकामी बाटली मागल्या दाराने बायजाच्या हातात दिली. तिने आधी त्याचा उद्धार केला, मग बाटली भरून दिली. पुढचे चार दिवस ती वर्गात पहिली आल्यासारखी वावरत होती.

विकी रिपोर्ट घेऊन आला, तेव्हा ती ओटीवर दात घाशीत बसली होती. विकी म्हणाला, काकांच्या लघवीत तंबाखू सापडला.

"तुमी हात नसतील धुतले," बायजा नवऱ्यावर खेकसली.

काकांच्या रिपोर्टवर काकी का तापल्या, ते विकीला कळेना. मग त्याची नजर तिच्या काळ्या बोटावर गेली.

"काकी, ते काय लावताय?"

"मिश्री."

"ती कशाची करतात?"

दर आठवड्याला तव्यावर तंबाखूचं पान स्वतः भाजणारी बायजाने काळं बोट पदराआड घेतलं.

"पन ती भाजलेली असते," ती म्हणाली.

शत्रुघ्न इतका हसला की गालातला दाणा अंगणात पडला. खुशी दाराला धरून हसत होती. बायजाही काळ्या दातांनी हसत सुटली. हसता हसता तिचा हात आपल्याच जबड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

शत्रुघ्नने ते पाहिलं. तो उठला, त्याने खळखळून चूळ भरली आणि आपली चुन्याची डबी तिच्या मिश्रीच्या डबीशेजारी ठेवली.

"विकी, खरं लिही. तंबाखू खातो म्हनून. मानूस परत पाठव, या खेपेला बाटली माझी असंल. हप्ता काय पडंल तो भरू." मग तो बायजाकडे वळला. "आन तू बी ऐक. आपल्या दोघांचा दसरा आज."