फुंकरीने उतरलेला आकडा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर फुंकरमहाराजांनी दोन्ही हात उंचावले. एका हातात गेल्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट, दुसऱ्यात कालचा.

"हा पॉझिटिव्ह, हा निगेटिव्ह! मशीन तेच, पोर तीच. मधे काय आलं? माझी फुंकर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पोर म्हणजे बेकरीवाल्याची लेक. तिला सिलिअ‍ॅक होता. गव्हाचा घास पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्यावर उलटायचं. जुलाबांनी पोरीची पार काडी झाली होती. आख्ख्या पेठेला पाव खाऊ घालणाऱ्या बापाला स्वतःच्याच लेकीला घासभर पाव देता येत नव्हता. हे सलायचं, म्हणून तर तो महाराजांच्या नादी लागला होता. वर्षभर फुंकर मारलेलं पाणी, आणि जोडीला कडक पथ्य: गहू आणि जव वर्ज्य.

"आता पथ्य संपलं!" महाराज गरजले. "बापाने भाजलेला पाव आहे. खा बाळ, जगाला दाखव!"

पोरीने पाव हातात घेतला. "पप्पा, खाऊ?"

एवढ्यात मागून आवाज आला, "थांब! खाऊ नकोस."

तिचा आजार ओळखणाऱ्या डॉक्टरीणबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "खाली बसा!" म्हणून लोक ओरडले. त्या बसल्या नाहीत.

"महाराजांचं पाणी प्यायलं, पण पथ्य पाळलं नाही, असं इथे कोणी आहे?"

शिवणकाम करणारी एक बाई चाचरत उठली. "मी आहे. मलाही हाच आजार. पाणी न चुकता घेतलं, पण पाव काही सुटला नाही. माझा रिपोर्ट जसाच्या तसा."

"श्रद्धा कमी पडली!" महाराज कडाडले.

"आणि माझ्या काही रुग्णांनी पाण्याचा थेंबही न घेता नुसता गहू सोडला. त्यांचे आकडे उतरले, ते कुणाच्या श्रद्धेने?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

बाप कळवळून म्हणाला, "पण डॉक्टर, रिपोर्ट निगेटिव्ह आहे! मग आजार गेला ना?"

"नाही हो. गव्हावर चिडून शरीर रक्तात जी प्रतिद्रव्यं सोडतं, ती ही तपासणी मोजते. गहू थांबला की चीड हळूहळू उतरते. दोन्ही रिपोर्ट खरेच आहेत. पहिला सांगतो, आजार आहे. दुसरा सांगतो, पथ्य लागू पडलंय. आज पाव दिलात, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"ऐकू नकोस, पोरी! खा!" महाराजांनी तिचा हात धरून पाव तिच्या ओठांशी नेला.

बाप एका उडीत व्यासपीठावर चढला. त्याने तो पाव हिसकावून घेतला. "पोट माझ्या लेकीचं आहे, महाराज. तुमच्या जाहिरातीचा फलक नाही!"

पोर रडवेली झाली. "पप्पा, तुमच्या हातचा पाव मी कधीच नाही का खायचा?"

"खायचा ना! तांदळाच्या पिठाचा करायला शिकतो. भांडी वेगळी, भट्टी वेगळी, गव्हाचा कणही लागू देणार नाही."

महाराज पुढच्या चमत्काराकडे वळले. पण लोक त्या शिवणकाम करणाऱ्या बाईभोवती जमून तिलाच खोदून खोदून विचारू लागले होते.

लोकहो, दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडू लागले, तर त्यांचा न्याय फुंकरीकडे नेऊ नका. मधल्या काळात पोटात काय गेलं आणि काय थांबलं, ते आधी तपासा. डॉक्टरांना शंका विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत विचारा. प्रश्न विचारल्याने कुठलाच देव रागावत नाही. रागावतो तो फक्त लबाड.