पंधरा दिवसांची चीर

दुपारची भांडी घासताना थोरल्या सुनेच्या हातातून पातेलं निसटलं. आठवड्यातलं हे चौथं. हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे, असं सासूबाई आतून म्हणाल्या. लक्ष भांड्यांतच होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र बधिर पडली होती. वर्षभर ती हात झटकत वेळ मारून नेत होती. आठ माणसांची कणीक, चादरी पिळणं, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना कुशीवर वळवणं, सगळं त्याच हाताने. या घरात सुनेला आजारी पडायचं तर निदान ताप तरी हवा. हाताचं दुखणं म्हणजे कामचुकारपणा.

पाचवं पातेलं थेट सासूबाईंच्या पायावर पडलं, तेव्हा कुठे घराला डॉक्टर आठवले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मनगटातली नस दबली आहे, गोळ्या-पट्ट्यांची वेळ निघून गेली, आता ऑपरेशनच. ते दोन तऱ्हांनी होतं. एकात तळहातावर उघडी चीर देतात, दुसऱ्यात बारीक छेदातून दुर्बीण घालतात. वर्षभराने बघाल तर दोन्हींचा गुण सारखाच, पण दुर्बिणीने हात जरा लवकर कामाला लागतो.

सोबत आलेल्या नवऱ्याने लगेच दुर्बिणीचं पक्कं केलं. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी बोटांवर दिवस मोजले. पुढच्या महिन्यात नणंद मुलांना घेऊन राहायला येणार होती, तोवर सून उभी राहायला हवी. मिक्सर दुरुस्तीला टाकावा तशी त्यांची चर्चा चालली होती. थोरलीला कुणी विचारलं नाही. सोळा वर्षांत विचारलं नव्हतं, आणि तिला आता त्याचा रागही येईनासा झाला होता.

"मॅडम, जास्त दिवस काम कशात बंद राहतं?" तिने हळूच विचारलं.

ही घाबरली असं वाटून डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की उघड्या ऑपरेशनात फार तर पंधरा दिवस जास्त, पण तळहातही जास्त दुखतो.

"मग तेच करा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" नवरा म्हणाला.

"दुखू दे. मला ते पंधरा दिवस हवेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "ताई, विश्रांती मी लिहून देते. त्यासाठी मोठी चीर कशाला घेता?"

थोरली दमल्यासारखी हसली. "कागद घरी कोण वाचतं, मॅडम? जखम निदान दिसते तरी."