बाहेरचा खंदक

"तुमच्या फलकावर खोटं लिहिलेलं आहे, आणि ते खोटं आहे हे फलक लावतानाच तुमच्या खात्याला माहीत होतं."

या वाक्यापासून सुरू होणारं पत्र वासुदेवनं मराठीत लिहिलं आणि जर्मन करायला कागद बायकोपुढे सरकवला. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा सुरेखा पास झाली होती. वासुदेवचं जर्मन कारखान्यातल्या कन्व्हेयरपुरतं.

"अहो, सरकारी ऑफिसला पहिल्याच ओळीत खोटारडे म्हणतात का?"

"मग कितव्या ओळीत म्हणतात?"

फलक होता गावाबाहेरच्या कुरणात. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गपासून सायकलनं चाळीस मिनिटांवरचं गाव, आणि गावाच्या टोकाला सात-आठशे वर्षांपूर्वीच्या कुणा सरदाराची गढी. गढी म्हणजे आता नुसता गवताचा उंचवटा, भोवती खंदकाचं कडं, त्यात गुडघाभर पाणी आणि बदकं. पण कुरण सगळं पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेलं. तिथं कुदळ मारायची नाही की खुंटी ठोकायची नाही.

अठरा सालच्या उन्हाळ्यात ते कुरण जळून पिवळं पडलं, आणि त्या पिवळ्यात वासुदेवला शिफ्टला जाताना एक हिरवा पट्टा दिसला. खंदकाच्या बाहेर वीस पावलांवर, गढीला वळसा घालून गेलेला. गावातली माणसं त्याच पट्ट्यावरून कुत्री फिरवत होती आणि एकालाही तो दिसत नव्हता. वासुदेव जतचा. त्याचा चुलता लोकांना विहिरीची जागा दाखवायचा. मे महिन्यात हरळी जिथं हिरवी राहते तिथं खाली ओल धरणारी माती असते, हे वासुदेव अआइईच्या आधी शिकला होता. दुसऱ्या दिवशी तो लोखंडी सळई घेऊन गेला. पट्ट्याबाहेर सळई वीतभर गेली की अडायची. पट्ट्यात मात्र हातभर सरळ खाली. चौदा ठिकाणी खुपसून पाहिली. इथं दुसरा खंदक होता, कधीच बुजलेला, कुठल्याही नकाशावर नसलेला.

हे त्यानं सांगितलं सत्यजितला. सत्यजित विद्यापीठात पीएचडी करत होता, जमिनीखालचं मोजायची यंत्रं वापरायचा, आणि दर रविवारी सुरेखाच्या हातचं जेवायचा. त्यानं रीतसर परवानगी काढली, यंत्र फिरवलं, खंदक निघाला. कळवायचा फॉर्म भरताना त्यानं विचारलं होतं, "दादा, शोधणारा म्हणून तुमचं नाव टाकू ना?"

"नको रे. इथं कायमचं राहायच्या परवान्याचा अर्ज आत आहे. सळईचं निघालं तर उगाच भानगड."

"टाकतो की. सळईचं नाही लिहीत."

"नको म्हटलं ना."

आणि त्यानं टाकलं नाही.

पुढं जानेवारीत परवाना हातात आला आणि एप्रिलमध्ये फलक लागला. यंत्राच्या साहाय्यानं बाहेरचा खंदक शोधला, सत्यजित अमुकतमुक यांनी. पेपरात फोटो. फोटोत सत्यजितच्या अंगावर जॅकेट वासुदेवचं, थंडी आहे म्हणून सुरेखानंच दिलेलं. जॅकेट माझं, खंदक माझा, नाव तेवढं त्याचं, असं वासुदेव आठ दिवस म्हणत होता. फलक दिसू नये म्हणून तो चार किलोमीटर वळसा घालून कामावर जायला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी मुद्दाम फलकच बघायला जायला लागला. एकदा कुठल्याशा पाखरानं बरोबर सत्यजितच्या नावावर शिटलं होतं. वासुदेवचा तो दिवस फार चांगला गेला. रात्री पावसानं नाव धुऊन काढलं.

मग रविवारी सत्यजित थालीपीठ खायला आला, तेव्हा वासुदेवनं तोंड उघडलं.

"यंत्राच्या साहाय्यानं, काय?"

सत्यजितचा घास थांबला. "दादा, नाव नको असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण तू किती लगेच ऐकलंस."

"मी दोनदा विचारलं होतं."

"तिसऱ्यांदा विचारायला काय धाड भरली होती? मराठी माणूस पहिल्या दोन वेळेला हो म्हणतो का कधी? ताटावर हात आडवा धरतो, आणि वाढणारा बोटांच्या फटीतून वाढतो. इथल्या चार वर्षांत तुला जर्मनांसारखं नाही म्हणजे नाही कळायला लागलं. गेनाऊ, अगदी बरोब्बर."

"मी खात्याला सांगितलं होतं, एका रहिवाशानं हिरवा पट्टा दाखवला म्हणून," सत्यजित खाली बघत म्हणाला. "ते म्हणाले, निनावी माणूस फलकावर कसा घालायचा? यंत्रानं सापडला असं लिहू."

सुरेखा दुसरं थालीपीठ घेऊन आली. सत्यजितनं सवयीनं ताटावर हात धरला. "नको, वहिनी."

"त्याला नको आहे," वासुदेव म्हणाला. "वाढू नकोस."

सुरेखानं नवऱ्याकडे पाहिलं आणि थालीपीठ परत नेलं. सत्यजित अर्ध्या पोटी उठला. जॅकेट घडी करून खुर्चीवर ठेवून गेला. आपण जिंकलो असं वासुदेवला दारापर्यंत वाटलं. मग त्यानं जॅकेट हुंगलं. पोरानं ते ड्रायक्लीन करून आणलं होतं. त्यानं आणखीच जळफळाट झाला. चोर तरी धड असावा.

म्हणून आता हे पत्र. सुरेखा शब्दकोश घेऊन बसली आणि मधल्या एका ओळीवर तिचं पेन अडलं.

"अहो, सळईचं काढते मी. दंड करतील. खंदक सांगा, सळई कशाला?"

"सळईशिवाय मी कोण? कुत्रं फिरवणारा. हिरवं गवत काय, कुणीही बघितलं म्हणेल. भोकं मी पाडली."

"आणि सत्यजित?"

त्या पोराचं नाव फलकावरून खरवडून काढावं, असं वासुदेवला अजूनही वाटत होतं. खोटं कशाला बोला, रोज वाटत होतं.

"त्याचं राहू दे," तो म्हणाला. "माझ्या खाली."

सुरेखा हसली नाही. वासुदेवनं सांगितलं तसं तिनं जर्मनमध्ये उतरवलं:

"संरक्षित कुरणात मी, वासुदेव, ऑगस्ट २०१८ मध्ये विनापरवाना चौदा ठिकाणी सळई खुपसली. जागांचा नकाशा सोबत जोडला आहे. तुमच्या यंत्राच्या नकाशावर ठेवून बघा. दंड जरूर करा. पण दंडाच्या कागदावर नाव लिहावं लागेल, आणि गुन्हा काय तेही लिहावं लागेल: या माणसानं यंत्र येण्याच्या आधी बाहेरचा खंदक शोधला. तो कागद आणि तुमचा फलक, दोन्ही एकाच वेळी खरे कसे? चौदा दिवसांत, लेखी आणि सहीनिशी उत्तर द्या."