डबीवरचं पंधरा

भिंग तळहातावर ठेवलं की हाताच्या रेषा जाड दिसतात, पण विज्ञानशिक्षक ऋषिकेश गावंडेला रेषांपेक्षा भिंगाची डबी जास्त आवडली. काळी प्लास्टिकची डबी, झाकणावर पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि तिच्यावर प्रयोगशाळेचा जुना शिपाई धर्मेंद्र याच्या गोल अक्षरात – १५ सेमी. चिठ्ठी खरी होती. म्हणजे कालपर्यंत खरी होती. काल शाळा सुटल्यावर ऋषिकेशनं सगळ्या डब्यांतली भिंगं काढून कपाटात टाकली आणि सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली वीस सेंटिमीटरची भिंगं त्यांत घातली. दिसायला अगदी तशीच. चिठ्ठ्यांना हातही लावला नाही. उंदरासाठी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा लावावा तसं झालं हे, आणि आता दहावीची विशेष तुकडी प्रॅक्टिकलला यायची होती.

विशेष तुकडी! शाळा सरकारी, गळक्या नळांची, आणि तिच्या वरच्या मजल्यावर ही विज्ञान-गणिताची खास मुलं – परीक्षा घेऊन निवडलेली, निळ्या टायची, ज्यांच्यासाठी भिंतीवर एक रॉकेट रंगवलंय आणि खाली लिहिलंय ‘उद्याचे शास्त्रज्ञ’. पेंटरनं धूर रॉकेटच्या टोकातून काढला आहे. दोन वर्षं या रॉकेटखालून जा-ये करणाऱ्या एकाही उद्याच्या शास्त्रज्ञाला ते खटकलं नाही, आणि मुख्याध्यापिका प्रेमिला मॅडमना तर नाहीच नाही. कोणी साहेब आला की त्या त्याला आधी वर आणून रॉकेटसमोरच फोटो काढतात. ही मुलं पहाटे क्लासला जातात, शाळेत पेंगतात, संध्याकाळी पुन्हा क्लासला. उत्तर आधी कळतं त्यांना, प्रश्न नंतर. आणि त्यांचे आईबाप... मुलाचे मार्क सांगताना ज्यांचा आवाज लग्नपत्रिका वाचल्यासारखा होतो ते आईबाप... नको, त्यांचा विचारही नको.

सकाळी डबा भरताना बायकोनं, मिनलनं विचारलं होतं, आज एवढे खुश काहून? त्यानं भिंगांची गंमत सांगितली. मिनल मिहानमधल्या कंपनीत जाते, तिला बस गाठायची असते, तरी ती हातातलं झाकण तसंच धरून थांबली.

“तुम्हाले ना, कोणी चुकलं का मगच जेवण गोड लागते,” ती म्हणाली.

तो हसला होता. चुकणाऱ्याला चुकला म्हणायचं नाही तर काय आरती ओवाळायची? बाकीचे मास्तर उठताबसता ‘शाब्बास’ वाटतात. त्याच्या वर्गात एकच शिस्त होती आणि तिचा त्याला अभिमान होता. उत्तर चुकलं की तो आवाज न चढवता विचारायचा, “चुकलं कोण?” मग मुलानं उभं राहून म्हणायचं, “मीच चुकलो, सर.” आधी स्वतःवर संशय घ्या, विज्ञान तिथून सुरू होतं... मी काही चुकीचं शिकवत नाही. कोणी दाखवावं मला यात चुकीचं काय ते.

मुलं आली. प्रयोग साधा, बोर्डाच्या परीक्षेत हमखास येणारा: खिडकीबाहेरची लांबची वस्तू भिंगातून पांढऱ्या पुठ्ठ्यावर आणायची, तिचं उलटं चित्र स्पष्ट उमटलं की भिंग आणि पुठ्ठा यांच्यातलं अंतर मोजायचं. तेच नाभीय अंतर. पट्टी धरता येणाऱ्या कुणालाही जमेल.

पहिल्या बाकावरचा हर्षित, तुकडीतला पहिला, मॅडमचा लाडका. त्यानं डबी घेतली, चिठ्ठी वाचली, भिंग बाहेरसुद्धा काढलं नाही, आणि लिहायला लागला. ऋषिकेश त्याच्या खांद्यावरून पाहत होता. चौदा पूर्णांक आठ. पंधरा पूर्णांक एक. पंधरा पूर्णांक दोन. काय कसब! नुसतं पंधरा लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून थोडं अलीकडं, थोडं पलीकडं, आणि सरासरी बरोबर धर्मेंद्रच्या चिठ्ठीपाशी. मागची उन्नती, तिच्या शेजारचा मोहित, सगळे तसेच, मान खाली घालून मोजमापं रचत बसलेले. ऋषिकेशच्या अंगावर सुखाचा काटा आला. मॅडमना सांगायचं वाक्य त्यानं कालच घोटून ठेवलं होतं: तुमच्या हुशार तुकडीत एकालाही मोजता येत नाही. आज मॅडमना नाव हवं होतं. दर सहामाहीला तळाचं एक मूल खालच्या मजल्यावर, साध्या वर्गात परत पाठवतात, त्याचं नाव. त्याऐवजी तो सगळी तुकडीच त्यांच्या टेबलावर ओतणार होता.

खिडकीपाशी करिष्मा लांजेवार स्टुलावर पुठ्ठा टेकवून उभी होती. खापा गावाहून इथं मावशीकडं राहायला आलेली, कुणीतरी तुकडी सोडली म्हणून जूनमध्ये खालून वर घेतलेली, आणि तळाची. परत जाणार ती हीच, हे वर्गातल्या बाकांनासुद्धा माहीत असावं. तिनं भिंग पुढं केलं, मागं घेतलं... पुठ्ठ्यावर आधी नुसता उजेड, मग मेट्रोचा पूल, उलटा, आणि त्याच्यावरून – म्हणजे खालून – चाकं वर करून एक इवलीशी मेट्रो सरकत गेली. करिष्मा हसली. या खोलीत प्रयोग करताना कोणी हसल्याचं त्याला आठवेना. ती पुढच्या मेट्रोची वाट बघत थांबली, पुन्हा चित्र आणलं, पट्टी लावली, पुन्हा लावली. मग डबी पाहिली. मग त्याच्याकडं आली.

“सर, डबीवर तं पंधरा लिहून आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “माहं वीस येऊन राहिलं.”

त्याला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड, स्पष्ट, खरीखुरी चिडचिड. सगळं कसं जमून आलं होतं, एकही उंदीर बाहेर राहिला नव्हता, आणि ही खाप्याची पोरगी हिशोब बिघडवायला आली होती. हे त्याला नंतर कळलं, की तेव्हाच, सांगता येत नाही. कारण तोवर जीभ सवयीनं पुढं गेली होती.

“मग चुकलं कोण?”

पहिल्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. करिष्मानं एकदा पट्टीकडं पाहिलं, एकदा धर्मेंद्रच्या अक्षराकडं.

“मीच चुकली असन, सर.”

ती जागेवर गेली आणि रबरानं वीस खोडलं. नीट, फुंकर मारून, आणि त्याच जागी पंधरा लिहिलं. सांगता आलं असतं. चार पावलं होती, एक हाक होती, ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं... तो टेबलाला टेकून उभा राहिला, घंटा होईपर्यंत. तिनं भिंग डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि झाकणावर चिकटलेली रबराची धूळ ओढणीनं पुसली.

मॅडमच्या केबिनमध्ये पंखा कुरकुरत होता. पालकांना आजच कळवायचंय, मॅडम म्हणाल्या, नाव लांजेवारचंच ना? त्यानं खुर्ची ओढली आणि भिंगांचं सगळं सांगितलं. ठरवलं होतं तसंच, तोच क्रम, तोच थंड आवाज, फक्त चव नव्हती. मॅडमनी चष्मा काढला.

“सगळ्यांनी पंधरा लिहिलं?”

“सगळ्यांनी,” तो म्हणाला.

आणि ते खरंच होतं. कुठलाही कागद उचलून बघावा, पंधराच सापडलं असतं. चौदा पूर्णांक आठ, पंधरा पूर्णांक दोन... उत्तर आधी ठरवून मोजमापं त्याच्यापाशी आणून बसवायची, हे काय फक्त हर्षितलाच येतं? ती खोडलेली जागा त्याच्या डोळ्यांसमोर होती, किंचित खरबरीत, मळकी. ‘एकालाही मोजता येत नाही’, हे वाक्य त्यानं काल किती लाडानं घोटलं होतं! आता ते बोलून झालं होतं आणि तोंडात रबर चावल्यासारखं वाटत होतं.

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला आणि पेन उघडलं. त्यांनी त्याच्या वर्गातलं काही ऐकलं असण्याची शक्यता नव्हती. त्या कधी वर्गात येतच नसत. त्यांना फक्त कागदावर एक नाव लिहायचं होतं.

“मग यात चुकलं कोण म्हणायचं, सर?” त्यांनी साधेपणानं विचारलं.

उत्तर पाठ होतं. त्यानंच शिकवलेलं, दोन वर्षं एकेकाला उभं करून वदवून घेतलेलं, आणि त्या पोरीनं ते किती पटकन दिलं, जणू कुणाची तरी वस्तू सापडली आणि तिनं परत केली. त्याच्या स्वतःच्या तोंडात ‘मीच’ हा शब्द कधी आलाच नव्हता. आता तो जिभेवर आला आणि तिथंच बसून राहिला, आत जाईना, बाहेर येईना. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्याला उगाच मिनल आठवली, तिच्या हातातलं डब्याचं झाकण आठवलं, आणि आज रात्री घरी तिच्यासमोर जेवायला बसायची भीती वाटली.