रामजी गमरे यांच्या नावावरची लाइन

नेट सकाळपासून अडखळत होतं, म्हणून गुरुवारी दुपारी टेलिफोन कंपनीचा दीपक आला. त्याने मोडेमच्या पाठीमागच्या बारीक भोकात पिन खुपसली, दहा सेकंद दाबून धरली आणि म्हणाला, "मावशी, मोडेम गेला. आणि ही तांब्याची लाइन आता वापरतं कोण? फायबर घेऊन टाका."

"गेला म्हणजे नेमकं काय झालं त्याला?"

"ते तुम्हाला नाय समजणार."

कौसल्या गमरे एकसष्ट वर्षांच्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहात चोवीस वर्षं त्यांनी आया म्हणून काढली, आणि 'तुम्हाला समजणार नाही' हे तिथे रोज ऐकलं. दीपक जिना उतरला तशा त्या मोडेमकडे नीट बघत बसल्या. तांब्याची लाइन जोडलेली दाखवणारा डीएसएलचा हिरवा दिवा न लुकलुकता लागलेला होता. फक्त इंटरनेटचा दिवा लाल होता. गेलेल्या वस्तूचे दिवे लागतात कसे?

फायबरला पंधरा दिवस लागणार होते आणि त्यांच्या हातात तीनच होते. रविवारी अकरा वाजता त्यांच्या लोअर परळच्या चाळीची सभा होती, तीही ऑनलाइन. बहात्तर खोल्यांची चाळ बिल्डरला द्यायची की नाही, यावर मतदान व्हायचं होतं. करारात नवीन घर किती फुटांचं मिळणार ती जागा कोरी होती, आणि हे आधी कौसल्याबाईंनीच सगळ्यांना दाखवलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात सेक्रेटरी रघुवीर यांनी सभा ऑनलाइन केली. मागच्या बाजूच्या खोल्यांत मोबाइलला रेंज येत नाही, दोन्हीकडे उंच इमारतींचे टॉवर उभे राहिलेत. तिथे म्हातारी माणसं जास्त, आणि नेट फक्त कौसल्याबाईंकडे.

त्यांनी लँडलाइनवरून कंपनीला फोन लावला.

"कनेक्शन रामजी गमरे यांच्या नावावर आहे," पलीकडचा मुलगा म्हणाला. "त्यांना फोन द्या."

"ते चार वर्षांपूर्वी वारले. मी त्यांची बायको. बिल मी भरते."

"मग घरात दुसरे कोणी जेन्ट्स आहेत का, मॅडम?"

"मी आहे. माझ्याशी बोला."

तो जरा अडखळला, पण बोलला. मोडेम बिघडलेला नव्हता. पिन दाबल्यामुळे आतलं सगळं सेटिंग पुसलं गेलं होतं, आणि युजरनेम, पासवर्ड परत भरला की तो चालणार होता. मात्र पासवर्ड फक्त रामजी गमरे यांनाच देता येत होता. नाव बदलून घ्यायला महिना लागेल, असं त्याने सांगितलं.

संध्याकाळी गॅलरीत रघुवीर भेटले. "कौसल्याताई, नेट बंद आहे म्हणे तुमचं? रविवारी आमच्याकडे बसा ना. काय बोलायचं ते मला सांगा, मी मांडतो. नाहीतर संमतीपत्रावर आत्ताच सही करून टाका, डोक्याला ताप नको."

"मी माझ्या घरात बसणार आणि माझ्या तोंडानं बोलणार," कौसल्याबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्या दादरच्या टेलिफोन ऑफिसात गेल्या. पिशवीत मृत्यूचा दाखला होता आणि चार वर्षांची बिलं. खिडकीवरच्या माणसाने कागद न बघताच नकारार्थी मान हलवली. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. तो जेवायला गेला, जेवून आला, तरी त्या तिथेच.

"बाई, बसून काही होणार नाही."

"उभी राहते मग."

शेवटी आतल्या केबिनमधून आकांक्षा नावाच्या अधिकारी बाहेर आल्या. पोरसवदा बाई. त्यांनी कागद एकेक करून वाचले.

"जुना पासवर्ड मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही वारस आहात, बिलं तुम्ही भरताय. नाव बदलायचा अर्ज आत्ता भरा, त्यावर मी नवा पासवर्ड लावून देते." त्यांनी एका चिठ्ठीवर युजरनेम, पासवर्ड आणि खाली दोन आकडे लिहिले. "हे आकडे चुकले तर लाइन पुढे जाणार नाही. भरणार कोण?"

"मीच."

शनिवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप वायरने मोडेमला जोडला. नाशिकला शिकवणारी लेक, संघमित्रा, लँडलाइनच्या स्पीकरवर होती.

"आई, खाली स्टिकरवर पत्ता आहे बघ. एकशेब्याण्णवनं सुरू होणारा. तो टाक."

पान उघडलं. सगळं इंग्रजी. कौसल्याबाईंनी एकेक शब्द मोठ्याने वाचला. मोडेम 'ब्रिज' नावाच्या भलत्याच सेटिंगवर गेला होता. तिथे पीपीपीओई हा लॉगिनचा पर्याय निवडायचा होता, मग युजरनेम टाकायचं. त्यांनी भरलं, सेव्ह केलं. दिवा लालच.

परत भरलं. लालच.

"आई, जाऊ दे ना. मी बोलते उद्या तुझ्या वतीनं."

"तू खोलीधारक आहेस का?"

"नाही, पण..."

"मग थांब जरा. आकडे वाचते." त्यांनी चष्मा पुसला आणि चिठ्ठी उजेडात धरली. त्या दोन आकड्यांतला दुसरा भरायचाच राहिला होता. मोडेमने स्वतःचाच काहीतरी आकडा तिथे घातला होता. त्यांनी तो खोडून चिठ्ठीवरचा टाकला आणि पासवर्ड एका बोटाने पुन्हा लिहिला.

दिवा विझला. मग हिरवा झाला.

"लागला!" त्या ओरडल्या. "मला समजणार नाही म्हणे!" लेक फोनवर हसत सुटली.

त्या दुपारी मागच्या खोल्यांची दारं त्यांनी एकेक करून ठोठावली. आनंदीबाई म्हणाल्या, "गो, माका ह्यातला काय कळना नाय." कौसल्याबाई म्हणाल्या, "मलाही परवापर्यंत कळत नव्हतं. फोन चार्ज करून घेऊन या."

रविवारी अकराला त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसं लॅपटॉपसमोर बसली होती. रघुवीर ठराव वाचायला लागले, तेव्हा कौसल्याबाईंनी मध्येच विचारलं, "घर किती फुटांचं, तो आकडा वाचा."

"तो नंतर ठरेल, ताई. आधी मतदान. आणि एका लॉगिनला एकच मत, तुमच्या खोलीत कितीही माणसं असोत."

खोलीत कुजबुज झाली. गणपतदादा उठून निघालेच होते. कौसल्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं थांबा, सेक्रेटरीसाहेब. खोलीधारक आत येतायत."

त्यांनी वायफायचा पासवर्ड मोठ्याने सांगितला. कोणाचा फोन नातवाने दिलेला, कोणाची काच फुटलेली. "व्हिडिओ बंद ठेवा," त्या सगळ्यांना बजावत होत्या. "आपल्या लाइनला तेवढा जोर नाही." पडद्यावर एकेक काळा चौकोन उगवू लागला. आनंदीबाई राणे. गणपत साळुंखे. सीताराम तांबे. नऊ चौकोन.

"हे आता बंद करा," रघुवीर म्हणाले. "वेळ संपली."

"बहात्तरांतले आहेत ना सगळे?" कौसल्याबाईंचा आवाज चढला. "एकाला बाहेर काढून दाखवा. नावानिशी काढा, सगळे ऐकतायत."

कोणीतरी पलीकडून म्हणालं, "बरोबर आहे, करू द्या त्यांना मतदान." मग आणखी एक आवाज आला.

रघुवीरांना नावं पुकारावी लागली. ठरावाच्या बाजूने सव्वीस मतं पडली आणि विरोधात एकतीस. फुटांचा आकडा लिहून आल्याशिवाय पुढची सभा नाही आणि ती शाळेच्या हॉलमध्येच घ्यायची, असं ठरलं.

सभा संपली तरी कोणी उठेना. गणपतदादांना नातवाला व्हिडिओ कॉल लावायचा होता, आनंदीबाईंना सावंतवाडीच्या बहिणीला.

"एकेकानं लावा," कौसल्याबाई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "सगळ्यांनी एकदम लावलात तर अडकेल."