सध्याचा वापर : निरंक

तुम्ही जागा बघितलीच नाही! नकाशा बघितलात, त्यावर बोट ठेवलंत आणि चहा मागवलात. वसाहतींच्या जागा ठरवणाऱ्या साहेबलोकांनो, हे मी तुमच्या तोंडावर म्हणतो. सावलीला झाड शोधावं लागतं अशा माळावर तुम्ही लाकडाचे कारखाने न्यायला निघालात. हे झालं कसं, ते लोकांना कळलं पाहिजे. म्हणून धनाजीची गोष्ट सांगतो.

धनाजी साताऱ्याच्या एका कचेरीत सर्वेक्षक. गाव पूर्वेकडचं, बोरमाळ. मेंढपाळाचं पोर, घरातला पहिला पगारदार. सरकारला लाकूडउद्योगाची वसाहत काढायची होती. कापगिरण्या, प्लायवूड, फर्निचर, सगळं एका ठिकाणी. त्यासाठी बोरमाळचं दोनशे एकर गायरान सुचवलं गेलं. धनाजी पाहणीला गेला फेब्रुवारीत. माळ मोकळा, मेंढवाडे ओस. त्यानं मोजणी केली, फोटो काढले आणि 'सध्याचा वापर' या रकान्यात लिहिलं, 'निरंक'.

मेंढपाळाच्या पोरानं हे लिहिलं! दिवाळी झाली की अख्खं बोरमाळ मेंढरं घेऊन पश्चिमेला चालू लागतं आणि पावसाच्या तोंडाला परत येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं? तो स्वतः त्या वाटेनं चाललेला. पण रकान्यात महिना विचारला नव्हता, आणि साहेबांना घाई होती.

जुलैत एका फेरपाहणीसाठी तो पुन्हा गेला. तर माळावर मेंढरंच मेंढरं! चाळीस घरांची. त्यांच्यामागं त्याची आत्ती रंगुबाई, डोक्यावर घोंगड्याची खोळ.

"आलास का रं सायबा!" ती लांबूनच ओरडली. "जपून ये, बुटाला लेंड्या लागतील."

"आत्ती, थट्टा करू नगं."

"थट्टा तू केलीस आमची. तुजा कागद पंचायतीत वाचून दावला. म्हणं हितं कायबी न्हाई! मग ही समदी आभाळातनं पडली व्हय?"

धनाजी पुटपुटला, "कारखाना आला तर पोरांस्नी काम मिळंल की."

"येऊ दे की! कोण नगं म्हणतंय? पर लाकूड कुठनं आणणार?"

"पाटण, जावळी, शिराळ्याकडनं."

"त्या वाटंनं मी दर साली चालत जाती. झाडं तिकडं, पाणी तिकडं, वखारी मलकापुरात. आमी मेंढरं चाऱ्याकडं नेतो, धना. चारा डोक्यावर घिऊन मेंढराकडं येत न्हाई. मी अडाणी बाई, मला कळतं, आन तुमी शिकल्याली माणसं लाकडं ट्रकात भरून ह्या वाळक्या माळावर आणणार? उन्हाळ्यात हितं माणसाला टँकर लागतो, प्लायवूडला काय पाजणार?"

"जागा सरकारी हाय, आत्ती. फुकट हाय."

"फुकट!" रंगुबाईनं काठी जमिनीवर आपटली. "आमाला हिशेबात धरायचंच न्हाई, म्हणून फुकट! पावसात मेंढरं तिकडं ठिवली तर चिखलानं खुरं सडून मरत्यात. ह्यो माळ गेला तर इकावी लागतील. मग आमी कोण, रं? सांग की, रकान्यात काय लिवणार आमाला?"

फेब्रुवारीत ज्या दगडावर उभं राहून फोटो काढला होता, तो धनाजीनं शोधला, त्याच दगडावर उभं राहून पुन्हा फोटो काढला.

सोमवारी तो कचेरीत त्याचे वरिष्ठ उदयसिंह साहेब यांच्या टेबलापुढं उभा राहिला. साहेबांनी नवा अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"धनाजी, पहिल्या अहवालावर सही तुमचीच आहे. आता फिरलात, तर मग खोटं कुणी लिहिलं?"

"मी, साहेब! तेही लिहून आणलंय. तिसऱ्या पानावर."

"नोकरीचा विचार करा जरा."

"केला. चौकशी लावा. पण दोन्ही फोटो फाईलला राहतील. आवक शिक्का मारून घेऊनच वर आलोय."

साहेबांनी अहवाल पुन्हा उघडला. त्या कागदावर आता लिहिलं होतं : 'सध्याचा वापर : पावसाच्या तोंडापासून दिवाळीपर्यंत, चाळीस घरांची मेंढरं. वसाहतीची जागा पश्चिमेला, लाकूड व पाणी आहे तिथं शोधावी. तिथल्या लोकांना विचारावं. बाराही महिने बघावी.'

नागरिकहो, कारखाने हवेतच. पण नकाशावर जो भाग पांढरा दिसतो, तो रिकामा असतो असं समजू नका. तिथला माणूस पोटामागं चालत गेलेला असतो, आणि तो परत येणार असतो. तो यायच्या आत त्याची जमीन वाटून टाकणं ही चोरी आहे, मग कागदावर तिला नाव काहीही द्या. आणि त्या कागदावर सही करणारा हात आपल्यातलाच असतो, हेही विसरू नका. धनाजीचा होता. त्यानं तो मागं घेतला. तुमचा कुठं आहे?

धनाजीला नोटीस आली. त्यानं उत्तर दिलं, मुदतीत, स्वतःच्या अक्षरात.

आता पाळी तुमची, साहेबलोकांनो. फाईल तुमच्या टेबलावर आहे आणि मेंढरं अजून माळावर आहेत. तुमच्यापैकी एक जण तरी बोरमाळला गेला होता का? गेला असेल, तर कोणत्या महिन्यात?

उत्तर द्या. लेखी द्या!